बरणीला लावलेला कान

त्या दिवशीची सकाळ रोजच्यापेक्षा निराळी होती असे म्हणायला काहीच आधार नव्हता. ती उठली, खिडकीचे एक दार उघडले, दुसरे वाऱ्याने आपटते म्हणून लावलेलेच ठेवले. केस विंचरून घट्ट अंबाडा घातला. स्वयंपाकघरात येऊन चहाचे आधण ठेवले आणि ते उकळेपर्यंत रात्रीचे धुतलेले पेले फडक्याने पुसून फळीवर उपडे मांडले. नवरा तिच्याआधीच उठून टेबलाशी बसला होता. नकाशे काढायच्या कचेरीत होता तोवर त्याला हलवून उठवावे लागे, आणि निवृत्त झाल्यापासून तो पाखरांबरोबर जागा होई. या उलट्या कारभारावर दोघांनी सुरुवातीला पुष्कळ थट्टा केली होती. आता ती थट्टा बंद पडली होती. टेबलाची एक बाजू भिंतीला टेकलेली असल्यामुळे बसायच्या जागा ठरूनच गेल्या होत्या, भिंतीलगतच्या टोकाला ती आणि तिच्या उजव्या हाताला तो. वर्तमानपत्राची घडी घालून तो त्यातले काहीतरी बारकाईने वाचत होता. चहा गाळताना झाकणाखालची वाफ तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर आली. तिने हात झटकला, नळ सोडून बोटे पाण्याखाली धरली आणि मान वळवून पाहिले. नवरा तिच्याकडेच पाहत होता, ओठ मिटलेले. फार भाजले का, एवढे विचारायलाही या माणसाला आता जड जाते, असे तिच्या मनात आले, आणि वर्षभरात मनाला पडलेल्या त्या खाचेत आणखी एक कण साचला. तिने त्याच्यापुढे पेला ठेवला. त्याने तो उचलला. बोटांना मलम लावून, त्यावर पातळ फडके गुंडाळून, जेवणाचा डबा, चष्मा आणि आजच्या बैठकीसाठी तयार केलेला अहवाल पिशवीत घालून ती निघाली.

जिना उतरताना फोन वाजला. दुसऱ्या शहरात असलेली मुलगी रोज याच वेळी फोन करी. आई संस्थेपर्यंत चालत जाई आणि मुलगी तेवढ्यात आपल्या दिवसाचा पाढा म्हणून घेई. एरवी ती फोन डाव्या हातात धरायची, कारण उजवा हात लिहिण्यासाठी मोकळा ठेवायची जुनी सवय होती. आज डाव्या हाताला फडके होते. तिने फोन उजव्या कानाला लावला आणि म्हणाली, "बोल." पलीकडे काही नव्हते. "बोल ना गं. हॅलो?" फोनवर आवाज येत नसला तरी एक खरखर असते, कोणीतरी श्वास घेत असल्याची जाणीव असते, इथे ती नव्हती. तिने फोन बंद केला. तो लगेच पुन्हा वाजला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र जिन्याच्या वळणावर कठडा धरण्यासाठी तिने फोन त्या फडके गुंडाळलेल्या हातात घेतला आणि डाव्या कानाशी नेला, तर मुलगी मोठ्याने हसत होती. "अगं आई, किती ओरडतेस! मी इकडे घसा फोडून बोलतेय आणि तू आपली हॅलो, हॅलो. म्हातारी झालीस की काय?"

"फोन बिघडलाय," ती म्हणाली.

"मग आता कसा काय ऐकू येतोय?"

ती भराभर उरलेल्या पायऱ्या उतरली. मुलगी नव्या घरमालकिणीच्या तक्रारी सांगत राहिली, ती हो, हं, बरं करत चालत राहिली, आणि फोन ठेवल्यावर चौकात रस्ता ओलांडण्यासाठी थांबली असताना तिने कोणी पाहत नाही ना हे बघून डाव्या कानाशी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. कागद चुरगळावा तसा स्पष्ट आवाज आला. मग उजव्या कानाशी घासली. बोटांना बोटांचा स्पर्श कळला, त्वचेचा कोरडेपणा कळला, आणि त्यापलीकडे जणू एक जाड भिंत होती. तिने पुन्हा घासली, जोराने. गाड्या थांबल्या, लोक रस्ता ओलांडून गेले, गाड्या पुन्हा सुरू झाल्या. ती त्याच कडेला उभी होती.

ती तिथे खिळली ती बहिरेपणाच्या भीतीने नव्हे. आपला एक कान गेला आहे हे अजून तिच्यापर्यंत नीट पोचलेच नव्हते. पोचले होते ते एवढेच, की हा उजवा कान आहे, आणि उजवा कान तिने गेली कित्येक वर्षे स्वतःचा मानलाच नव्हता. तो बरण्यांचा होता.

पारंपरिक औषधे सुधारावीत, टिकवावीत आणि त्यांची कृती पक्की करावी यासाठी काम करणाऱ्या संस्थेत ती आसवांच्या विभागाची प्रमुख होती. काढा सकाळी केला तर संध्याकाळपर्यंत उतरतो, चूर्णाचा वास काही महिन्यांत उडतो, पण आसव स्वतःच स्वतःला टिकवते, याचे तिला लहानपणापासून नवल वाटत आले होते. पाण्यात औषधे आणि गूळ घालायचा, आंबण्यासाठी धायटीची फुले टाकायची, तोंडावर सैल कापड बांधून बरणी उबदार अंधारात ठेवायची. आत उकळी नसलेली एक उकळी सुरू होते. गुळाचे मद्य होते आणि ते मद्य औषधाला वर्षानुवर्षे धरून ठेवते. सगळी कसोटी ही उकळी केव्हा संपली ते ओळखण्यात. लवकर बंद केले तर गोडी उरते, बुचे उडतात, पुढे सगळे आंबून जाते; उशीर केला तर त्याचा शिरका, म्हणजे व्हिनेगर. आणि ते ओळखायचे कसे, तर बरणीला कान लावून. हे तिला मामाने शिकवले होते. मामा वैद्य होता, आणि त्याच्या घराच्या मागच्या खोलीत कमरेइतक्या उंच चिनी मातीच्या बरण्या भिंतीकडेने उभ्या असत. "डावा हात तिच्या खांद्यावर ठेव, उजवा कान पोटाला लाव. श्वास धर. काय म्हणतेय?" "पोटात गुरगुरतंय." "मग अजून भूक आहे तिला. राहू दे." असे दिवसामागून दिवस जात, गुरगुर विरळ होई, नुसती कुजबुज उरे, वाळक्या पानावरून मुंग्या चालाव्यात तशी, आणि एका सकाळी तीही नसे. तेव्हा मामा स्वतः कान लावून खात्री करी आणि भाचीच्या पाठीवर थाप मारी. "बरणी खोटं बोलत नाही," तो म्हणे. "रोगी बोलतात. म्हणून मी रोग्यापेक्षा बरणीचं जास्त ऐकतो." मामी आतून ओरडे, "आणि बायकोचं अजिबात नाही!"

पुढे ती विद्यापीठात शिकली, प्रयोगशाळेत आली, आणि तिने आपल्या उमेदीची सगळी वर्षे एकच गोष्ट सिद्ध करण्यात घालवली: की मामाचा कान आणि साखर मोजणारे यंत्र एकच उत्तर देतात. आणि ती दोन्ही एकच उत्तर देत आली. बरणी गप्प झाली असे तिने म्हणावे आणि यंत्राने तेच म्हणावे, असे इतकी वर्षे चालले की तिच्या मनात त्याविषयी अभिमानही उरला नव्हता, एक स्वस्थता होती. मग वर्षभरापूर्वी कुठेतरी ही गाडी रुळावरून घसरली. ती म्हणे, संपले. यंत्र म्हणे, साखर आहे. ती म्हणे, बंद करा. बंद केलेल्या आसवाच्या बाटल्यांची बुचे कोठारात टपाटप उडाली आणि एक बाटली तर फुटून फळीभर काळे पाणी झाले. तिने गुळावर संशय घेतला, गुळाचा पुरवठादार बदलला. फुलांवर घेतला. खोलीच्या उबेवर घेतला. यंत्र चालवणाऱ्या तरुण मुलीवर घेतला, जिला सगळी प्रयोगशाळा साखरबाई म्हणे, आणि तिला चारचौघांत म्हणाली की आकडा वाचणे म्हणजे समजणे नव्हे. शेवटी, सगळ्यांना तपासून झाल्यावर, तिने मामावरच संशय घेतला. ते सर्वांत अवघड गेले. कदाचित ती सगळी वर्षे योगायोगच असेल. कदाचित मामा नशीबवान होता आणि भाची प्रेमाने आंधळी. पिशवीतल्या अहवालात तिने शास्त्राला शोभेल अशा कोरड्या भाषेत लिहिले होते, की श्रवणाचे लक्षण विश्वासार्ह आढळत नाही, सबब ते मान्य कार्यपद्धतीतून वगळावे. आज दुपारच्या बैठकीत ते वगळले जाणार होते. ज्यांच्याकडे यंत्र नाही, ज्यांच्याकडे कान आणि बरणी एवढेच आहे, अशा लहानलहान वैद्यांचे आसव उद्यापासून अप्रमाण ठरणार होते, आणि ते ठरवणारी सही तिची.

संस्थेच्या फाटकापाशी पोचली तेव्हा आपण जवळजवळ धावत आलो हे तिला कळले. पिशवी टेबलावर न ठेवता ती तशीच कोठारात गेली. कोठार नेहमीसारखे मंद उजेडाचे, आंबटगोड वासाचे. ज्योत न्यायला इथे बंदी होती. नाहीतर बरणीच्या तोंडाशी जळती काडी धरून, आतल्या वायूने ती विझते का हे पाहूनही तिला खरेखोटे करता आले असते, पण आगीच्या भीतीने नियम झाला तेव्हा तिनेच ठामपणे सांगितले होते, काडी कशाला, कान आहे. मागच्या आठवड्यात तिने उकळी संपली म्हणून सांगितलेल्या बरण्या एका बाजूला, झाकणाच्या कडेने मेण ओतून वर कापड आवळलेल्या, मुकाट उभ्या होत्या. ती पहिल्या बरणीपाशी गुडघ्यांवर बसली. सवयीने डावा हात खांद्यावर ठेवला, उजवा कान लावला. गार, गुळगुळीत, शांत. मग ती उठून बरणीच्या दुसऱ्या बाजूला गेली. भिंत आणि बरणी यांच्यामध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी जागा होती. पदर कमरेला खोचून ती त्या फटीत शिरली, अवघडून वाकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा डावा कान बरणीच्या पोटाला लावला.

आत सगळे चालले होते. नुसती कुजबुज नव्हे, चांगली गुरगुर, मध्येच एखादा मोठा बुडबुडा, मग घाईघाईने त्याच्या मागून लहान लहान, जशी शाळा सुटल्यावर जिन्यावरून मुले उतरतात. तिने डोळे मिटले. ती भिंतीला पाठ लावून त्या फटीतच खाली बसली, आणि तिला हसू येऊ लागले. हसू आवरेना. यंत्र बरोबर होते. साखरबाई बरोबर होती. आणि मामाही बरोबर होता! बरणी वर्षभर बोलतच होती. मामाने शिकवलेले खोटे नव्हते, फक्त ते ऐकायला बसवलेला माणूस कामातून गेला होता. आपला एक कान गेला याचे दुःख तिने मनात शोधले. ते होते, कुठेतरी खाली होते, पुढे केव्हातरी वर येणार होते, पण आत्ता त्याच्यावर एवढ्या मोठ्या सुटकेचा लोट आला होता, की ते तिला गवसेना. एका कानाच्या बदल्यात सगळे परत मिळाले होते, आणि सौदा तिला महाग वाटत नव्हता.

"मॅडम?" कोठाराच्या दारातून आवाज आला. "मॅडम, तुम्ही बरणीच्या मागे काय करताय? पडलात का?"

"नाही. इकडे ये."

साखरबाई जवळ आली. गेल्या कित्येक महिन्यांत त्या दोघी कामापुरतेच बोलत. "कान लाव," फटीतून बाहेर येत ती म्हणाली.

"मी? मी तर यंत्रवाली. आकडा वाचणे म्हणजे समजणे नव्हे."

"टोमणे नंतर मार. आधी लाव."

साखरबाईने केस मागे केले आणि कान लावला. श्वास रोखून ती ऐकत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर एक लहान मुलाचे कुतूहल उमटले. "अय्या," ती म्हणाली, "ही तर बोलतेय." तशीच वाकून ती पुढे हळूच काहीतरी म्हणाली असावी, कारण ओठ हलले. आवाज पोचला नाही; साखरबाई उजव्या बाजूला होती.

"काय म्हणालीस?"

"आत्ता?"

"आत्ता. मला ऐकू नाही आलं. या कानाने मला ऐकू येत नाही. वर्ष तरी झालं असेल. मला आज कळलं."

साखरबाई सरळ उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोरून ते वर्ष झरझर सरकताना दिसत होते: मागून मारलेल्या आणि न ऐकलेल्या हाका, उत्तर न मिळालेले प्रश्न, सगळ्यांसमोर झालेला तो अपमान. "म्हणजे मी जिन्यात 'नमस्कार' म्हणायचे," ती सावकाश म्हणाली, "आणि तुम्ही तोंड फिरवून निघून जायचात, ते..."

"मी तोंड फिरवत नव्हते गं."

"मी घरी जाऊन रडलेय, मॅडम. दोनदा. एकदा तर राजीनामा लिहिला होता."

"मग दिला का नाहीस?"

"तुम्ही तो वाचून दाखव म्हणाला असतात, आणि मग ऐकलाच नसतात." आणि दोघीही त्या अंधुक कोठारात अशा हसल्या की शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेले.

साखरबाई यंत्राकडे गेली तशी ती एकटी उरली, आणि तेव्हा दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. खरे तर ती गोष्ट मघापासून मनाच्या दाराशी ताटकळत उभी होती. टेबलाशी उजव्या हाताला बसणारा नवरा. बिछान्यातही उजवीकडेच, कारण त्याला खिडकी लागते. त्याचा आवाज जन्मजातच हळू. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती त्याला म्हणायची, तुम्ही बोलता की स्वतःशी हिशेब करता? वर्षभर तिने त्याच्या मुकेपणाचे अर्थ लावले होते. निवृत्तीने खचला असेल. आपल्या कामाचा त्याला राग येत असेल. मग, एका वाईट रात्री, आता त्याला आपल्याशी बोलण्यासारखे काही उरलेच नसेल. आणि या प्रत्येक अर्थाला तिने आतल्या आत उत्तर दिले होते, तीही गप्प होत गेली होती. तिने फोन काढला, आठवणीने डाव्या कानाला लावला.

"अहो, सकाळी मला भाजलं तेव्हा तुम्ही काही बोललात का?"

"विचारलं, फार भाजलं का. दोनदा विचारलं."

"मग?"

"मग तू रागावलेल्या डोळ्यांनी बघितलंस. मी म्हटलं, जाऊ दे, सकाळी सकाळी नको."

"आणि रोज टेबलाशी?"

"रोज वाचून दाखवायचो की गं पेपर. पहिल्यासारखा. मग वाटलं, तुला कंटाळा आलाय माझ्या बडबडीचा. दिवसभर घरात बसलेला माणूस, काय नवीन सांगणार."

"माझा उजवा कान गेलाय," ती म्हणाली. पलीकडे इतकी शांतता झाली की तिला वाटले, डावाही गेला. मग तो म्हणाला, आणि त्याच्या त्या हळू आवाजात काळजी होती, पण काळजीच्या वर, लपवता न येणारे असे काहीतरी मोकळेही झालेले होते: "एवढंच होतं होय?" आणि लगेच सावरून, "म्हणजे, डॉक्टरकडे जायला हवं. आजच जाऊ. मी येतो तिकडे."

"संध्याकाळी या. दुपारी बैठक आहे."

बैठकीला अजून अवकाश होता. ती आपल्या टेबलाशी बसली, अहवाल पुढे ओढला, आणि तेव्हा तिला तो सोपा रस्ता दिसला. कोणाला काही सांगायची गरजच नव्हती. साखरबाई दुखावलेली होती, पण चुगलखोर नव्हती. आजची बैठक पुढे ढकलायची, अजून काही बरण्या पाहायच्या आहेत म्हणायचे, आणि उद्यापासून डावा कान लावायचा. काही महिन्यांत कान आणि यंत्र पुन्हा एक बोलू लागतील. तिचा कान, ज्याच्याविषयी परिसंवादांत कौतुकाने बोलत, ज्याच्याशी बरण्या बोलतात असे नवे विद्यार्थी एकमेकांना सांगत, तसाच राहील. किती स्वच्छ दिसत होता तो रस्ता. पण मधले वर्ष? ते कोरडे आकडे तसेच राहतील, आणि कोणीतरी पुढे ते काढून म्हणेल, पाहा, कधी जुळते, कधी जुळत नाही. संशय मामाच्या नावावरच राहील. आणि डावा कान तरी किती दिवसांचा? उजवा गेला तेव्हा त्याने काही निरोप दिला नव्हता. मामाही शेवटी शेवटी सगळ्यांना मोठ्याने बोला म्हणायचा, हे तिला आठवले. पण तोवर त्याने बरण्या सोडल्या होत्या, रोगी सोडले होते, तो नुसता उन्हात बसत असे. सोडायचे केव्हा, हे त्याने कसे ओळखले, ते तिने कधी विचारले नव्हते. तिने लेखणी उचलली. शेवटचे कलम खोडले. त्याच्या जागी लिहिले, की चालू वर्षातील श्रवणाची सर्व निरीक्षणे बाद समजावीत, कारण निरीक्षकाचा उजवा कान निकामी असल्याचे आढळले आहे; लक्षण कायम ठेवावे; यापुढे कान लावणाऱ्या प्रत्येकाची श्रवणशक्ती दर वर्षी तपासावी आणि एकाच माणसाच्या कानावर विसंबू नये. प्रस्तुत निरीक्षक या कामातून बाजूला होत आहे. वाचून पाहिले. भाषा शास्त्राला शोभेल इतकी कोरडी होती. तिला ती आवडली.

बैठकीआधी संस्थेच्या संचालकांनी ते वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले. "हे असं लिहायलाच हवं का? 'यंत्रातील त्रुटी' म्हणता येईल."

"यंत्रात त्रुटी नव्हती, साहेब. यंत्रावर एक वर्ष आळ घेऊन झालाय, आता पुरे."

"तुमचं नाव आहे या क्षेत्रात. लोक हसतील."

"हसू देत. मी सकाळपासून हसतेय." ते तिच्याकडे पाहत राहिले; ही बाई एवढी हलकी केव्हा झाली, असे त्यांच्या चेहऱ्यावर होते. बैठकीत कलम वाचले गेले, एक-दोघांनी माना खाली घातल्या, एका वृद्ध सदस्याने नकळत स्वतःच्या कानाला हात लावला, आणि लक्षण कायम राहिले. फारशी चर्चाही झाली नाही.

संध्याकाळच्या आधी ती कोठारात परत आली. मागच्या आठवड्यातल्या मेणबंद बरण्या तशा ठेवणे धोक्याचे होते. साखरबाईला तिने सोबत आणले होते. तिने एक बोथट सुरी घेतली, पहिल्या बरणीच्या कडेचे मेण खरवडले, कापडाची गाठ सोडली आणि झाकण किंचित उचलले. आतून एक लांब, उबदार श्वास बाहेर आला. तो तिला हाताच्या पाठीवर कळला. तिने झाकण बाजूला ठेवले, तोंडावर सैल कापड टाकले आणि दोरा हलकेच बांधला, हवा जाईल एवढा.

"लाव," ती म्हणाली.

साखरबाईने डावा हात बरणीच्या खांद्यावर ठेवला. "कुठला कान?"

"तुझा जो चांगला असेल तो. नाहीतर दोन्ही, आळीपाळीने. श्वास धर."

साखरबाई वाकली. ती मात्र सरळ उभी होती, हातात सुरी, बोटांना मेण चिकटलेले. बरणी हाताच्या अंतरावर होती, डावा कान बरणीच्याच बाजूला होता, नुसती मान झुकवायचा अवकाश.

"काय म्हणतेय?"

"गुरगुरतेय," साखरबाई म्हणाली. "बरंच चाललंय आत."

"मग राहू दे तिला," ती म्हणाली, आणि पुढच्या बरणीकडे जाऊन मेण खरवडू लागली.